शाळा सुटल्यावरचे दोन तास : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न एकाच वेळेभोवती फिरतात : शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत. कुठे सोसायटी, कुठे शाळा, कुठे वस्तीतलं मंडळ या वेळात मुलांसाठी रोजचा वर्ग सुरू करू पाहत आहे. म्हणून हा सगळा स्तंभ त्याच प्रश्नांना दिला आहे. उत्तरं आमच्या क्रीडाशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ५ ते १३ वर्षांची २८ मुलं आहेत. त्यांच्यासाठी रोज साडेपाच ते साडेसात वर्ग घ्यायचं ठरलं आहे. मागचं आवार साधारण २५ मीटर बाय १२ मीटर, काँक्रीटचं. एक क्रीडाशिक्षक ठेवतो आहोत. सुरुवात कशी करावी?
*सोसायटी समितीच्या एक सदस्य, ठाणे*

खेळ कोणते हे नंतर ठरवा, आधी क्रम ठरवा. आल्या आल्या हातपाय धुणं आणि खाऊ, मग पंधरा-वीस मिनिटं सैल वेळ, मग पन्नास मिनिटं पळापळीचा खेळ, शेवटचा अर्धा तास बसून करायच्या गोष्टी. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. मुलं दप्तर टाकून थेट मैदानात उतरतात. दुपारचा डबा साडेबाराला संपलेला असतो, म्हणजे पाच तासांचं उपाशी पोट. असं मूल दहा मिनिटांत चिडतं, भांडतं, नाहीतर कडेला जाऊन बसतं, आणि शिक्षक त्याला आळशी म्हणून मोकळे होतात. उलट पोटभर खाऊन लगेच पळायला लावलं तर बरगडीखाली कळ येते. म्हणून थोडा खाऊ आणि मध्ये जरा वेळ.

आता पन्नास मिनिटांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडा-स्नायूंना जोर पडेल असं काही. वर्ग तासाभराचा असला म्हणजे तेवढी हालचाल झाली असं नाही. घड्याळ घ्या, कोणतंही एक मूल निवडा आणि दहा मिनिटांत त्याचे पाय किती वेळ हलते होते ते मोजा. रांगेत उभं राहून बॉल टाकण्याच्या सरावात हा आकडा बघवत नाही. क्रिकेटचं तेच. एक बॅट, एक बॉल आणि उरलेली सव्वीस मुलं उन्हात उभी. क्रिकेटशी आमचं वैर नाही, पण ते शनिवारी खेळा.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘आउट’ होऊन बाहेर बसवणारे खेळ. त्यात पहिल्यांदा बाहेर कोण जातं? ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच मूल. आपल्याकडचे जुने खेळ या बाबतीत फार शहाणे आहेत. साखळीत पकडलेला गडी हात धरून साखळीत सामील होतो. विषामृतात ‘विष’ लागून बसलेल्याला सवंगडी ‘अमृत’ देऊन उठवतो. दोन्हीत कुणीच रिकामं राहत नाही. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि एक मऊ चेंडू पुरतो. सात-सात जणांचे दोन डाव शेजारी शेजारी लावले तर २८ मुलं एकाच वेळी खेळतात. बाद करणारा खेळ घ्यायचाच असेल तर बाद झालेल्याने दोरीच्या दहा उड्या मारून परत यायचं, असा नियम करा.

लंगडी हाडांना उत्तम, पण मुलं नेहमी एकाच पायावर घालतात. दर डावाला पाय बदलायला लावा. तुमचं आवार काँक्रीटचं आहे, त्यामुळे लंगडी आणि दोरीच्या उड्या सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त नकोत, आणि त्या बुटांशिवाय नकोतच. १० ते १४ वयात वाढ जोरात असते तेव्हा गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखायला लागतं. ते दिसलं की उड्या काही आठवडे कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘सराव केला की जाईल’ म्हणू नका. खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं, ते तुमच्याकडे बसणार नाही. चार चौकोन आखून पाच जणांचा छोटा खो-खो खेळता येईल, फक्त सूर मारायला सक्त मनाई.

गट तीन करा : ५ ते ७, ८ ते १०, ११ ते १३. लहान गटाला एक खेळ पाच-सात मिनिटांच्या वर टिकत नाही आणि तीन वाक्यांपेक्षा मोठी सूचना कळत नाही. २८ मुलांना एक शिक्षक अजिबात पुरणार नाही. दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि कोणत्याही क्षणी किमान दोन मोठी माणसं हजर हवीत. पालकांनी पाळी लावून घ्यावी. शिक्षकाची पोलीस पडताळणी आधी, नेमणूक नंतर. कोणत्याही मुलाला बंद खोलीत एकटं घेऊन बसायचं नाही, हा नियम सर्वांना लागू, ओळखीतल्या काकांनाही. कोणत्या मुलाला कोण नेणार, याची यादी फोन नंबरांसह भिंतीवर नको, वहीत ठेवा. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मात्र भिंतीवर मोठा लिहा. आणि त्या दोन तासांत आवारात गाडी येणार नाही असा दोर बांधा. वॉचमनच्या भरवशावर ते सोडू नका.

प्रश्न : वर्गातून बाहेर पडल्यावर मुलगा वडापावच्या गाडीवरून हलत नाही. वर्गातच खाऊ द्यायचा म्हटलं तर तीस मुलांचं काय आणि किती करायचं?
*एक आई, पुणे*

वडापाव हे काही पाप नाही. तो रोज संध्याकाळी सात वाजता पोटात गेला की रात्रीचं जेवण बुडतं, अडचण ही आहे. साडेपाचला नीट खाऊ मिळाला की सातला गाडीची ओढ बरीच कमी होते. उपदेशाने ती होत नाही.

तीस मुलांचा हिशेब असा. केळ्यांच्या दिवशी अडीच डझन केळी आणि ६०० ग्रॅम फुटाणे, म्हणजे प्रत्येकी २० ग्रॅम. पोह्यांच्या दिवशी दीड किलो जाडे पोहे, त्यात मटार आणि ३०० ग्रॅम शेंगदाणे. नुसते कांदेपोहे केले तर तासाभरात पुन्हा भूक लागते. अंड्याच्या दिवशी प्रत्येकी एक उकडलेलं अंडं, न खाणाऱ्यांना पनीर किंवा ढोकळा. घरोघरी आधी विचारून घ्या, मुलांसमोर नको. उकडलेली अंडी बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायची नाहीत. एक दिवस राजगिऱ्याचा लाडू आणि पेरू.

मटकीला मात्र कौशल्य लागतं. एक किलो कोरडी मटकी तीस जणांना पुरते. आठ-दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या, मग फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा तासांत मोड येतात, थंडीत दिवसभर लागतो. मटकी चिकट झाली किंवा आंबूस वास आला तर फडकं फार ओलं राहिलं होतं किंवा उकाड्यात जास्त वेळ ठेवली होती. ती टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, म्हणून मुलांना कच्चे मोड देऊ नका. आठ-दहा मिनिटं वाफवा, मग टोमॅटो, कोथिंबीर आणि वरून लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही. त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे फुटाणे आणि शेंगदाणे नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात. त्यांना कूट करून द्या. मोठ्यांनीही बसूनच खायचं, पळताना तोंडात काही नाही. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी कुणाला आहे का, हे प्रवेशाच्या फॉर्मवरच विचारा.

एखादं मूल मटकी बघून नाक मुरडतं तेव्हा दोन चमचे वाढा, आग्रह करू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढा. नवा पदार्थ रुळायला आठ-दहा वेळा समोर यावा लागतो. दुसऱ्याच वेळी ‘याला आवडत नाही’ असं ठरवून टाकणारे आपणच असतो. शिक्षकाने मुलांसोबत तेच खायचं. समोर बसून चहा-बिस्किटं खाणाऱ्या माणसाने मटकीचं कौतुक केलं तर मुलं हसतात, आणि बरोबर हसतात.

शीतपेयांचा हिशेब मुलांनाच करू द्या. १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर धरली तर २०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे. दिवसाला १,६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला वरून घातलेली साखर जास्तीत जास्त ४० ग्रॅम, आणि त्याच्या निम्मी असेल तर अधिक चांगलं. एका बाटलीत अर्धा दिवस संपला. वाढदिवसाला चॉकलेटच्या पिशव्या वाटण्याऐवजी त्या दिवशीचा खेळ वाढदिवसवाल्याने निवडायचा, ही प्रथा सहज रुजते.

आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाड्यांबद्दल : अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. मुख्याध्यापकांना हे माहीत नसेल तर सांगा.

प्रश्न : दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन करून तक्ता फलकावर लावावा, म्हणजे पालकही जागे होतील, अशी आमच्या मंडळात सूचना आली आहे. योग्य आहे का?
*मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर*

नाही. पुढच्याच महिन्यात जाड मुलं वर्गाला येणं बंद करतील, आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढला तेच बाहेर राहतील. वाढत्या मुलाचं वजन एकटं काही सांगतही नाही. ते वय आणि उंचीच्या तक्त्यावर ठेवून बघावं लागतं, आणि ते डॉक्टरांनी, पालकांसमोर, बंद दाराआड करावं. फलकावर काही लावायचंच असेल तर ज्याची त्याची प्रगती लावा : एका मिनिटात दोरीच्या उड्या महिन्यापूर्वी १४, आता ३१. दुसऱ्याशी तुलना नको. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणंही बंद करा. उशिरा आला म्हणून पाच फेऱ्या पळवलं की पळणं ही शिक्षा आहे एवढंच मूल शिकतं.

प्रश्न : सहावी-सातवीपर्यंत मुली उत्साहाने येतात, मग एकेक करून गळतात. विचारलं तर ‘अभ्यास आहे’ म्हणतात.
*शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, सांगली जिल्हा*

अभ्यास हे सांगता येण्याजोगं कारण आहे. न सांगितलेली कारणं तपासा. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का? पॅड ठेवलेला डबा असा हवा की न विचारता, न सांगता घेता येईल. गणवेश पांढरा असेल तर बदला, गडद ट्रॅकपँट द्या. मैदानाच्या कठड्यावर टोळकी बसत असतील तर त्यांना उठवणं हे मंडळाचं काम, मुलींनी बाजूला सरकणं हा उपाय नव्हे. मिश्र खेळात चेंडू मुलांकडेच फिरत राहतो, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मुलींचा स्वतंत्र गट ठेवा आणि त्यांचा खेळ त्यांनाच निवडू द्या. अंधार पडायच्या आत वर्ग संपवा. घरून परवानगी अनेकदा तिथेच अडते.

पाळीत खेळलेलं चालतं. त्रास होत असेल तर त्या दिवशी बसावं, पण ‘खेळायचंच नाही’ असा नियम नको. लवकर दम लागणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ वर्षांवरील मुलीत ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय, आणि त्यावर धावण्याचा सराव हे औषध नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची, सोबत चहा नको. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग मुली ती गुपचूप फेकतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची आहे. हे पालकसभेत सांगा, मुलींना बहुधा आधीच माहीत असेल.

प्रश्न : जून ते सप्टेंबर मैदान पाण्यात. २० बाय ३० फुटांचा हॉल आहे. चार महिने काय करायचं?
*एक पालक, चिपळूण*

एका वेळी दहा-बारा मुलं, दोन पाळ्या. दोरी हे पावसाळ्याचं सर्वांत स्वस्त साधन. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली की मुठी काखेपर्यंत याव्यात; त्याहून लांब दोरी पायात अडकते. २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, असे आठ फेरे. फरशीवर सतरंजी टाकू नका, घामेजल्या पायांखाली ती सरकते. रबरी चटई टाका.

सूर्यनमस्कार आठ वर्षांपुढच्यांना चारपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोन वाढवा. शंभराच्या स्पर्धा नकोत. दहाव्यानंतर कंबर लोंबकळू लागते, कोपरं बाहेर फाकतात आणि नुसते आकडे पुढे सरकतात. दोरीचा मल्लखांब छोट्या जागेत बसतो, पण शिकलेला शिक्षक असेल तरच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर अशा जुन्या संस्थांमध्ये तो कसा शिकवतात ते एकदा बघून या. पंख्याच्या हुकाला दोर बांधण्याची कल्पना कुणालातरी सुचेलच. तिथेच हाणून पाडा.

भिजून आलेल्या मुलासाठी कोरडा शर्ट ठेवा, बोटांच्या बेचक्या पुसायला लावा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात अनवाणी नको, कोकणात लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती खरी आहे.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा. निधी नाही, साहित्य नाही, निम्मी मुलं दोन-अडीच किलोमीटर चालत घरी जातात. त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज आहे का?
*सहशिक्षक, सातारा जिल्हा*

चालण्याची गरज नाही, ते भरपूर होतं. गरज खाण्याची आणि खेळाची आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. ती दुपारची. संध्याकाळी ४० मुलांना एक किलो भाजलेले शेंगदाणे आणि ४०० ग्रॅम गूळ पुरतो, प्रत्येकी मूठभर; ग्रामपंचायतीकडून किंवा शेतकरी पालकांकडून एवढं उभं राहतं. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून फेका, त्यांत बुरशीचं विष असू शकतं. मग निघण्याआधी अर्धा तास आट्यापाट्या. त्याला फक्त रेषा आखायला राख किंवा चुना लागतो. हात धुवायला प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून साबणाचं पाणी भरा, साबणाची वडी गायब होते.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना गैरहजर राहिलेल्यांची यादी ठेवा, त्यांच्यासाठी नंतर पुन्हा फेरी असते. पोटात जंत असताना दाणे-गुळाचा वाटा मुलाबरोबर जंतही खातात.

प्रश्न : सातवीतली मुलगी साडेसातला खेळून येते, आठ ते साडेनऊ शिकवणी, मग जेवण, गृहपाठ, मोबाइल. झोपायला साडेअकरा. सकाळी सहाला उठते. खेळ बंद करावा का?
*एक वडील, छत्रपती संभाजीनगर*

साडेसहा तास झोप होते. १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास हवी, तेराव्या वर्षापासून ८ ते १०. म्हणजे रोज किमान दीड ते अडीच तासांची उधारी. यात खेळ हा एकच भाग झोप आणायला मदत करतो, आणि तोच आधी कापायला निघतो आपण! कापायचीच तर शिकवणी कापा. ते जमणार नसेल तर ती शनिवार-रविवारी न्या, जेवण शिकवणीच्या आधी घ्या, गृहपाठ वर्गातल्या शेवटच्या अर्ध्या तासात संपवा आणि मोबाइल नऊनंतर बैठकीत चार्जिंगला, आईवडिलांचाही. एकदम दोन तास मागे आणू नका. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं.

प्रश्न : खेळामुळे घाम गेल्यावर बाजारातलं एनर्जी ड्रिंक द्यावं का?
*एक पालक, नाशिक*

नको. तासाभराच्या खेळाला पाणी पुरतं, दर वीस मिनिटांनी १०० ते २०० मिलिलिटर, तहान लागायची वाट न बघता. एप्रिल-मे मध्ये लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफीन असतं, ते मुलांना नकोच.

प्रश्न : संध्याकाळी बाहेर खेळलं की ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं, म्हणून वर्ग बाहेरच घ्यायचा असा आग्रह आहे. बरोबर का?
*वर्गाच्या संयोजक, नागपूर*

आग्रह बरोबर, कारण चुकीचं. कलत्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळपास नसतात. त्यासाठी अकरा ते तीनचं ऊन हवं, म्हणजे शाळेची मधली सुट्टी वर्गात न बसता अंगणात घालवायला हवी, थंडीत तर नक्कीच. संध्याकाळच्या उजेडाचा फायदा डोळ्यांना आहे. रोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना लांबचं बघायचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी राहतं. त्याला थेट ऊन लागत नाही, झाडाखालची सावलीही चालते. मात्र दिव्याखालच्या मैदानात हा फायदा नाही. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी वेळापत्रक बदला : खाऊ शाळेतून निघतानाच हातात द्या, पाचच्या आत मैदान गाठा, आणि गृहपाठ, कॅरम, चित्रकला अंधार पडल्यावर हॉलमध्ये घ्या.